मृगाचे पाणी, मृगाचा प्रकाश

पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्रा बागायतदाराला मृग नक्षत्र म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या झाडांचे बहार दोन, आंबिया आणि मृग. त्यातल्या एकाचे नाव थेट आकाशातून आलेले. जूनच्या ७-८ तारखेला ‘मृग लागला’ की बगीच्यातला माणूस मान वर करतो ती ढगांसाठी. ज्या ताऱ्यांवरून त्या पावसाला नाव मिळाले, ते तारे मात्र तेव्हा कोणालाच दिसत नाहीत. मृग लागला याचा अर्थच असा, की सूर्य मृगाच्या तारकांपाशी जाऊन पोचला. त्या तारका आता त्याच्यासोबत उगवणार, त्याच्यासोबत मावळणार. मृग संध्याकाळच्या आकाशात पाहायचा तर सहा महिने थांबायचे. मग मार्गशीर्ष येतो, ज्याची पौर्णिमा मृगशीर्षाजवळ होते म्हणून ज्याला हे नाव मिळाले, आणि दिवेलागणीनंतर मृग पूर्वेला उगवून येतो.

पौषातल्या अमावास्येच्या आसपास एखाद्या रात्री बगीच्यात जागलीला जा. रानडुकरांसाठी जागणाऱ्याला हे आकाश पाठच असते. चार कोपऱ्यांवर चार ठळक तारे, हे हरणाचे पाय. मधोमध एका ओळीत तीन, हे व्याधाने मारलेला बाण, म्हणजे खेड्यातले ‘तिकांडे’. त्या तिघांच्या खाली आणखी तीन मंद ठिपके उभे लोंबतात. त्यांतला मधला नीट बघा. तो इतर ताऱ्यांसारखा टोकदार नाही. ओले बोट फिरवून कोणी पुसल्यासारखा आहे. तो एक तारा नाहीच. तो वायूचा आणि धुळीचा अवाढव्य ढग आहे आणि त्याच्या पोटात या घडीला तारे जन्मत आहेत. तिथून निघालेला प्रकाश सुमारे १,३०० वर्षे चालून तुमच्या बांधावर पोचतो आहे. तो निघाला तेव्हा दख्खनेत बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

हा ढग नीट पाहावा, त्याचा फोटो काढावा असे वाटले, की दुर्बिणीचा विचार सुरू होतो. आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती पट मोठे दिसते?’ तिथेच वाट चुकते.

गळका गंज आणि ठिबक

आकाशातल्या बहुतेक गोष्टी लहान असल्यामुळे दिसत नाहीत असे नाही. त्या मंद आहेत म्हणून दिसत नाहीत. देवयानी दीर्घिका आकाशात सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढी लांब पसरलेली आहे, तरी आपण तिच्याखालून रोज न बघता जातो. म्हणजे अडचण प्रकाश गोळा करण्याची आहे.

डोळ्याची बाहुली गर्द अंधारात फार तर ७ मिलिमीटर उघडते. प्रकाशाच्या पावसात आपण एवढ्याशा तोंडाचे भांडे धरून उभे आहोत. शिवाय हे भांडे गळके आहे. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात जेवढा आला तेवढ्याचे चित्र करतो, ते मेंदूकडे देतो आणि भांडे उपडे करून पुन्हा रिकामे धरतो. त्यामुळे दहा मिनिटे टक लावून पाहिले म्हणून तारा दहापट उजळ होत नाही. गळक्या गंजात जास्त पाणी हवे असेल तर एकच उपाय: गंजाचे तोंड मोठे करा. दुर्बिणीचे भिंग किंवा आरसा म्हणजे हे मोठे तोंड. १५० मिलिमीटरचा आरसा उघड्या डोळ्याच्या सुमारे ४६० पट प्रकाश गोळा करतो, २०० मिलिमीटरचा ८०० पटींहून अधिक. व्यास थोडाच वाढतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. म्हणूनच दीडशेवरून दोनशेवर गेले की प्रकाश पाऊणपटीने जास्त मिळतो.

कॅमेऱ्याचे काम वेगळ्या रीतीने चालते, आणि ती रीत या भागातल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. ती ठिबकची. ठिबकची नळी एका वेळी एकच थेंब देते. पण तो थेंब त्याच मुळाशी, त्याच जागी, तासन्‌तास पडत राहतो आणि झाड ओलीत होते. कॅमेऱ्यातला सेन्सर आलेला प्रत्येक प्रकाशकण धरून ठेवतो. तीस सेकंद, तीन मिनिटे, तीन तास. तोंड लहान असले तरी चालेल, घाई नाही. पण ठिबकला एक अट आहे: नळी मुळापासून हलता कामा नये. दर तासाला ती हातभर सरकत राहिली तर पाणी सगळीकडे सांडेल आणि झाड कोरडेच राहील.

दुर्बीण निवडण्याचे जवळजवळ सगळे शहाणपण या दोन भांड्यांत आहे. डोळ्याने पाहायचे असेल तर पैसा रुंदीवर घाला. फोटो काढायचा असेल तर पैसा दुर्बिणीखालच्या बैठकीवर, म्हणजे माउंटवर घाला. एकाच रकमेत दोन्ही मागितले की बहुधा दोन्ही अर्धे मिळते.

पटींचा मोह

मग ‘किती पट’ला काहीच अर्थ नाही का? आहे, पण ती संख्या दुर्बिणीची नसतेच. दुर्बिणीचे केंद्रांतर भागिले नेत्रिकेचे केंद्रांतर, एवढाच तो हिशेब. १,२०० मिलिमीटर केंद्रांतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ४८ पट, १० मिलिमीटरची लावली की १२० पट. नेत्रिका बदलली की पट बदलली. खोक्यावर ५२५ किंवा ६७५ पट छापणाऱ्या खेळण्यातल्या दुर्बिणी याच भागाकाराचा फायदा घेतात. तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरला की चित्र काळवंडते. एका चमचाभर तुपात दहा पोळ्या माखायला घेतल्यासारखे.

साधारण नियम असा, की आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याच्या दुपटीपुढे पट नेऊन हाती काही लागत नाही. १५० मिलिमीटरला ३०० पट ही शेवटची पायरी, आणि तिथवर जाऊ देणारी शांत हवा वर्षातल्या मोजक्या रात्रीच मिळते. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते ना, तसाच थरथराट रात्रीही डोक्यावर चालू असतो, आणि दुर्बीण त्यालाही तेवढ्याच पटींनी मोठा करते. म्हणून घराच्या स्लॅबपेक्षा बगीच्यातली जागा बरी. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते ओकत राहतो. माती आणि पानोळा लवकर थंड होतात.

कमी पटींतही केवढे दिसते! गुरू पृथ्वीजवळ असताना १२० पटींत त्याची थाळी, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पूर्णचंद्राच्या तिप्पट रुंद भरते. शेजारी चार चंद्र एका ओळीत. ते गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत २० पटींच्या दुर्बिणीतून पाहिले, आणि सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीला तडा गेला. आज साध्या १० बाय ५० च्या द्विनेत्रीतूनही, कोपरे भिंतीला टेकवून हात स्थिर केला तर, ते चारही ओळखता येतात. शनीची कडी पाहायला चाळीसेक पट पुरे. फक्त एक लक्षात ठेवा: मार्च २०२५ मध्ये ती कडी आपल्याकडे नेमकी धार करून उभी होती. अशी वेळ साधारण पंधरा वर्षांनी येते. आता ती वर्षागणिक उघडत जातील. तोवर कडे बारीक दिसले तर दुर्बिणीला बोल लावू नका.

पोर्टहोलची काच आणि एक संन्यासी

दुर्बिणी मुळात दोन तऱ्हांच्या. पुढे भिंग असलेली अपवर्तक आणि तळाशी आरसा असलेली परावर्तक. भिंगातून जाताना प्रकाश रंगारंगांत फुटतो, त्यामुळे स्वस्त भिंगाच्या दुर्बिणीत चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसते. ही झालर टाळण्यासाठी न्यूटनने १६६८ मध्ये भिंगाऐवजी आरसा वापरला. आरसा सर्व रंगांना सारखेच परत पाठवतो, आणि त्याची एकच बाजू घासावी लागते. त्यामुळे रुपयाला सर्वांत जास्त मिलिमीटर देणारी दुर्बीण आजही न्यूटनचीच.

तिला सामान्य माणसाच्या अंगणात आणणाऱ्याची गोष्ट मजेची आहे. जॉन डॉब्सन १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण-विवेकानंदांच्या परंपरेतल्या मठात, संन्यासी म्हणून दाखल झाला. त्याला विश्व पाहायची ओढ होती, पण संन्याशाजवळ पैसा कुठला? त्याने जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच मिळवली, ती वाळूने घासून घासून आरसा केला, काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात त्या जाड पुठ्ठ्याच्या नळीत तो बसवला आणि ती नळी लाकडी खोक्यात अशी ठेवली, की बोटाच्या धक्क्याने वर-खाली आणि गोल फिरावी. मोटर नाही, चाके नाहीत. रात्री-बेरात्री मठाबाहेर जाऊन तो लोकांना तारे दाखवू लागला, त्यापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावणारे एक मंडळ उभे राहिले. त्या साध्या बैठकीच्या दुर्बिणीला जगभर ‘डॉबसोनियन’ म्हणतात. आपल्याकडचे हौशी नुसते ‘डॉब’ म्हणतात. डोळ्याने पाहणाऱ्याला आजही डोळे झाकून सुचवावी अशी ती दुर्बीण.

आरशाच्या दुर्बिणींचे हे वेड मराठी मुलखात नवे नाही. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी डब्लिनच्या ग्रबकडून २० इंची आरशाची दुर्बीण आणवली होती; ती देशातली सर्वांत मोठी होती आणि १९१२ मध्ये त्यांच्या निवृत्तीनंतर कोडाईकनालला गेली. १९४४ मध्ये पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था म्हणून जी ओळखली जाते. तिचे बिऱ्हाड टिळक स्मारक मंदिरात आहे, आणि यातही मृगाची एक खूण आहे. १८९३ मध्ये लोकमान्यांनी वेदांच्या प्राचीनतेवर जो ग्रंथ लिहिला, त्याचे नावच ‘ओरायन’, म्हणजे मृग. वसंतसंपात एके काळी मृगशीर्षात होता, त्या आठवणी वेदांत आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. परिसंस्थेने आणि पुढे आयुकाने आरसे घासण्याच्या, दुर्बिणी बांधण्याच्या कार्यशाळा घेतल्या. तयार दुर्बीण घेण्याआधी अशा एखाद्या ठिकाणी, किंवा नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रासारख्या जवळच्या जागी जाऊन चार वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून यावा. कापड विकत घेताना आपण हात लावून पाहतो, तसेच हे.

दोन मुठींवरचा ध्रुव

आता कॅमेऱ्याकडे वळू, म्हणजे ठिबकची नळी हलते का या प्रश्नाकडे. हलते, आणि ती हलवणारी पृथ्वी आहे. आकाश तासाला १५ अंश फिरते. पूर्णचंद्राचा व्यास अर्धा अंश, म्हणजे दर दोन मिनिटांनी आकाश एक चंद्रभर सरकते. डॉबमधून पाहताना हे सरकणे मोठे गमतीचे वाटते: शनी नेत्रिकेच्या एका कडेने येतो, डुलत पलीकडे जातो, आणि आपण पृथ्वीवर स्वार आहोत हे अंगाला कळते. बोटाने नळी जरा ढकलली की शनी परत मध्यावर. डोळ्याला तेवढे चालते.

कॅमेऱ्याला चालत नाही. १,२०० मिलिमीटर केंद्रांतर आणि पावणेचार मायक्रॉनचे पिक्सेल घेतले, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाचा जेवढा तुकडा मावतो, तो म्हणजे सुमारे ७ किलोमीटरवर धरलेले एक रुपयाचे नाणे. पृथ्वीच्या फिरण्याने तारा एका सेकंदात असे वीसहून जास्त पिक्सेल ओलांडतो. तीन मिनिटांचा फोटो हवा तर दुर्बिणीने तीन मिनिटे त्या नाण्यावरून नजर हटवायची नाही. त्यासाठी लागतो विषुववृत्तीय माउंट. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावतात आणि मोटर त्याला पृथ्वीच्याच वेगाने उलट फिरवते. पृथ्वी एक पाऊल पुढे टाकते, माउंट एक पाऊल मागे घेतो, आणि आकाश थांबल्यासारखे होते.

हा अक्ष लावायला ध्रुवतारा लागतो. तो किती उंचीवर आहे, हे गावागणिक बदलते: जेवढा गावाचा अक्षांश तेवढीच ध्रुवाची उंची. पांढुर्णा आणि सौंसर दोन्ही साडेएकवीस अंशांच्या किंचित पुढे. हात सरळ पुढे करून मूठ वळली की ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. म्हणजे इथला ध्रुव उत्तर क्षितिजावर दोन मुठी आणि वर दीड-दोन बोटे. सातपुड्याच्या काळ्या रेघेवर तो शोधायला कोणतेही यंत्र नको. अक्ष मात्र ध्रुवताऱ्याच्या अगदी मधोमध रोखायचा नसतो. खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासून चंद्रभरापेक्षा थोडा जास्त दूर आहे, आणि तो कोणत्या बाजूला आहे हे मोबाइलवरचे साधे ॲप सांगते. आणखी एक इशारा. असे माउंट बहुधा युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांचा विचार करून बनतात. आपल्याकडे अक्ष बराच आडवा होतो आणि काही माउंटांत तोलाचे वजन तिवईच्या पायाला अडते. पैसे मोजण्याआधी ‘बावीस अंशांवर अडत नाही ना?’ हे विचारा.

हिरवट ढग, गुलाबी ढग

मृगातल्या त्या ढगाकडे परत येऊ. २०० मिलिमीटरच्या डॉबला कमी पटींची नेत्रिका लावून, अर्धा तास अंधारात डोळे मुरवून तो पाहिला, तर पंख पसरलेल्या पाखरासारखा एक धुरकट पसारा दिसतो. मधोमध चार तारे, जणू चौरंगाचे चार पाय. त्याच ताऱ्यांच्या प्रखर किरणांनी सगळा ढग पेटलेला आहे. रंग राखाडी, फार तर हिरवट. आणि मासिकांतल्या फोटोत हाच ढग गुलाबी-तांबडा असतो. मग खरे कोणते?

दोन्ही खरे. अंधारात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना तांबडे जवळजवळ दिसतच नाही. त्यांची नजर ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-निळ्या प्रकाशाला सर्वांत तीक्ष्ण. या ढगातला ऑक्सिजन नेमका तिथेच, ५०१ नॅनोमीटरच्या जवळ, चमकतो. तो आपल्याला दिसतो. हायड्रोजन मात्र ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्यात पेटलेला असतो, आणि तो कॅमेरा साठवून ठेवतो. साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे एक काच बसवलेली असते, ती हा तांबडा बराचसा अडवते. म्हणून पुष्कळ हौशी ती काच बदलून घेतात.

फोटो एका दमात काढत नाहीत. तीस सेकंदांचे १२० फोटो काढले की एक तासाचा प्रकाश जमला. संगणकावर ते एकावर एक रचले की खरखर विरत जाते आणि ढग वर येतो. इथे नळीच्या रुंदीपेक्षा केंद्रांतर आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे एफ क्रमांक, महत्त्वाचा. एफ ५ ची दुर्बीण एफ ८ पेक्षा अडीचपट लवकर ढग उजळवते. आणि लांब केंद्रांतर म्हणजे नेहमीच चांगले असेही नाही. नेहमीच्या डीएसएलआरच्या सेन्सरवर ४०० मिलिमीटर केंद्रांतराला साधारण साडेतीन अंशांचे आकाश मावते, त्यात अख्खी देवयानी बसते. १,२०० मिलिमीटरला जेमतेम एक अंश. तिथे देवयानीचे नुसते पोट येईल. म्हणून फोटोची सुरुवात ६०-८० मिलिमीटरच्या छोट्या, उत्तम काचेच्या अपवर्तकाने करतात. डोळ्याच्या हिशेबात तो बिचारा लहानसा गडू, पण ठिबकच्या हिशेबात पुरेसा.

ग्रहांचा फोटो याच्या अगदी उलट. गुरू चांगलाच उजळ आहे, त्याला साठवण नको, मोठेपणा हवा. म्हणून लांब केंद्रांतर घेऊन त्याचा व्हिडिओ काढतात आणि हजारो चौकटींतून हवा क्षणभर स्थिर झाली तेव्हाच्या निवडक तेवढ्या ठेवतात. चंद्राला तर तेही नको. नेत्रिकेवर मोबाइल धरा, चतकोर चंद्रावरची विवरे सावल्यांसकट मिळतील.

आपल्या वाट्याचे आकाश

दुर्बीण निवडणे म्हणजे आकाशही निवडणे, आणि या बाबतीत या भागाचे नशीब बरे आहे. मृगातला ढग इथे दक्षिणेला ६३ अंशांपर्यंत चढतो. आकाशगंगेच्या मध्याकडची धनू-वृश्चिकाची बाजू सुमारे ४० अंशांवर येते. लंडनमध्ये तीच क्षितिजावर दहा अंशही चढत नाही. आणि नरतुरंगातला तो गोल तारकागुच्छ, ओमेगा सेंटॉरी, सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरचा, कोटभर ताऱ्यांचा गोळा, मे महिन्याच्या रात्री पांढुर्ण्याहून दक्षिणेला २१ अंशांवर येतो. उत्तर युरोपातल्या हौशी निरीक्षकाला तो कधीच उगवत नाही. २०० मिलिमीटरच्या डॉबमध्ये तो पाहणे म्हणजे काळ्या घोंगडीवर साखर सांडलेली पाहणे.

तक्रार एकच: ती बाजू नागपूरची आहे. पांढुर्ण्याहून नागपूर आग्नेयेला, सौंसरहून दक्षिणेकडून किंचित पूर्वेला, सरळ रेषेत साठ-पाऊणशे किलोमीटर. ढगाळ रात्री तिकडचे क्षितिज तांबूस-पांढरे दिसते तो शहराचा उजेड. सौंसरकरांना शेजारी बोरगावच्या कारखान्यांचे दिवेही आहेत. त्यामुळे दक्षिणेचे तारे पाहायचे तर पांढुर्ण्याच्या बाजूला, आणि उत्तरेचे पाहायचे तर सौंसरहून सिल्लेवानीच्या घाटाकडे, असा धोरणीपणा उपयोगी पडतो. अंधाराला आता किंमतही आली आहे. सौंसरच्या पूर्वेला महाराष्ट्राच्या हद्दीतल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघाच्या जंगलाला आकाशही राखीव मिळाले.

तिथीही पाहावी लागते. दुर्बीणवाल्याचा सण म्हणजे अमावास्या. पण इथली सर्वांत गाजलेली अमावास्या पोळ्याची. दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, रंगते आणि डोक्यावर ढगांचे छत असते. दिवाळीच्या अमावास्येला फटाक्यांचा धूर. खरे दिवस पावसाने हवा धुऊन काढल्यानंतर, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे.

मग कोणती घ्यावी?

पहिल्या वर्षी १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या. ती डोळ्याच्या पन्नासपट प्रकाश गोळा करते, मोटारसायकलच्या डिकीत मावते आणि पुढे कोणतीही दुर्बीण घेतली तरी अडगळ होत नाही. तिच्या जोडीने नक्षत्रे पाठ झाली, की हौस टिकणारी आहे की नाही हेही कळते.

नुसते पाहायचेच असेल तर डॉब. २०० मिलिमीटरचा सर्वांत रसाळ. पण त्याची नळी चार फुटांची आणि सगळे मिळून वजन वीस किलोच्या पुढे. तो बैलगाडीतून किंवा जीपमधून बगीच्यात जाईल, मोटारसायकलवरून नाही. जायचे मोटारसायकलवरूनच असेल तर टेबलावर ठेवायचा १३० मिलिमीटरचा छोटा डॉब घ्या. विहिरीच्या कठड्यावर ठेवा आणि पाहा.

मृगातल्या तांबड्या ढगाचीच ओढ असेल तर सुरुवात कॅमेऱ्याखालच्या छोट्या ट्रॅकरने करा. जवळचा कॅमेरा, जवळची लेन्स, आणि खाली पृथ्वीच्या वेगाने फिरणारी मुठीएवढी बैठक. पुढची पायरी विषुववृत्तीय माउंट आणि लहान अपवर्तक; यात दुर्बिणीहून माउंट महाग पडेल, आणि पडू द्यावा. असा बहुतेक माउंट १२ व्होल्टवर चालतो, म्हणजे फवारणीच्या बॅटरी पंपातली बॅटरीही, जोडणी आणि धन-ऋण नीट तपासून, रात्रभराची सोबत करू शकते. अलीकडे सीस्टार एस५० सारख्या ‘स्मार्ट’ दुर्बिणीही मिळतात. तोंड अवघे ५० मिलिमीटर, डोळा लावायला जागाच नाही. ती स्वतः आकाश ओळखते, स्वतः फोटो रचते आणि मोबाइलवर दाखवते. ठिबकचे तत्त्व किती खरे आहे याचा तो चालताबोलता पुरावा. बटण दाबून मिळालेल्या चित्रात आणि नेत्रिकेतून थेट डोळ्यात शिरलेल्या १,३०० वर्षांच्या प्रकाशात तुम्हाला फरक वाटतो का, एवढे स्वतःला विचारून ती घ्यावी.

सूर्याकडे कोणतीही दुर्बीण रोखू नका. पुढच्या तोंडावर, पूर्ण व्यासाचा, खात्रीचा सौर फिल्टर असेल तरच. नेत्रिकेला लावायचे काळे काचेचे तुकडे उष्णतेने तडकतात, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. आरशावरची धूळ पंच्याने पुसू नका. थोडी धूळ काही बिघडवत नाही, ओरखडा बिघडवतो. पाणी दिलेल्या बगीच्यात दव लवकर धरते, म्हणून काम झाले की नळी बंद करण्याआधी सुकू द्या.

आणि मृग लागायच्या आत सिलिका जेलच्या पुड्यांसह ती डब्यात घाला, नाहीतर ओलीने काचेवर बुरशी चढते. मग पाऊस येईल, तुम्ही आळ्यांकडे पाहायला बगीच्यात जाल. भर दुपारी, सूर्य डोक्यावर आलेला असताना वर पाहा. ढगांच्या मागे, सूर्याच्या उजेडामागे, दक्षिणेकडे थोडा कललेला मृग तेव्हाही तिथेच उभा असतो, बाण, व्याध आणि तारे जन्मणाऱ्या त्या ढगासकट. पाण्याचा थेंब कपाळावर पडतो तेव्हा तिथला प्रकाशही पडत असतो. फक्त तो गोळा करायला डोळ्याचे भांडे तेवढ्या वेळेपुरते निरुपयोगी असते.